व्यक्तिगत अध्ययनावरच्या परिषदेला जाताना : कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षकांसाठी मार्गदर्शक

आपल्याकडे ‘शिक्षण परिषद’ म्हटले की दर महिन्याला केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, भरणारी आणि केंद्रप्रमुखांच्या मार्गदर्शनाखाली होणारी बैठक डोळ्यांसमोर येते. हा लेख तिच्याविषयी नाही. विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग, एखादे बी.एड. महाविद्यालय, स्वयंसेवी संस्था किंवा शैक्षणिक सॉफ्टवेअर विकणारी कंपनी जी एक-दोन दिवसांची मोठी परिषद भरवते, तिच्याविषयी हा लेख आहे. त्यातही प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीवरून आणि त्याच्या गतीने शिकू देणे या विषयावरील परिषदेविषयी. अशा परिषदेहून परतणाऱ्या बहुतेक शिक्षकांच्या पिशवीत एक फाइल, एक पेन आणि हजेरीचे प्रमाणपत्र असते, वर्गात मात्र काही हलत नाही. वक्ते वाईट असतात म्हणून असे होते, हे मला मान्य नाही. ज्या वर्गासाठी आपण ऐकायला गेलो, त्या वर्गाचे नेमके चित्र सोबत नसेल तर चांगले भाषणही कानावरून जाते. म्हणून पुढील सगळ्या सूचनांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : आपल्या वर्गातील मुले आज कुठे आहेत हे कागदावर मांडून तो कागद बरोबर न्यावा आणि तेथे ऐकलेले प्रत्येक विधान त्या कागदाला लावून पाहावे.

जायचे की नाही, हे पत्रिकेवरून ठरवावे

पत्रिका हाती आल्यावर आधी आयोजक आणि प्रायोजक यांची नावे वाचावीत, कारण खर्च कोण करतो यावरून व्यासपीठावर काय बोलले जाणार याचा बराच अंदाज येतो. सॉफ्टवेअर कंपनीने भरवलेल्या परिषदेला जाऊच नये असे नाही; साधने प्रत्यक्ष हाताळायला मिळतात, हा तिचा खरा उपयोग आहे. तेथे तोट्याची बाजू कोणी आपणहून सांगणार नाही, एवढे गृहीत धरून जावे.

त्यानंतर सत्रांची शीर्षके पाहावीत. व्यक्तिगत अध्ययन या एका नावाखाली निदान चार निरनिराळ्या गोष्टी येतात. मुलांचे वाचन आणि गणित तपासून, इयत्ता काही वेळ बाजूला ठेवून, पातळीनुसार गट करणे ही एक. एकाच घटकावर, एकाच वर्गात, वेगवेगळ्या मुलांना कमी-अधिक अवघड काम देणे ही दुसरी. मुलाच्या उत्तरानुसार पुढचा प्रश्न बदलणारे सॉफ्टवेअर ही तिसरी, आणि काय शिकायचे, कोणत्या प्रकल्पातून शिकायचे हे ठरवण्यात मुलालाच वाटा देणे ही चौथी. या चौघींचा खर्च वेगळा, शिक्षकावर पडणारे काम वेगळे आणि त्यांच्या बाजूचा पुरावाही वेगळा आहे. कोणत्या प्रकारावर किती सत्रे आहेत हे पत्रिकेवर पेन्सिलीने खुणा करून पाहावे. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असतात; म्हणजे वाडीवस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत बहुवर्ग अध्यापन, म्हणजे एका शिक्षकाने एकाच वेळी अनेक इयत्ता शिकवणे, हा अपवाद नसून रोजचा नियम आहे. अशा शाळेतील शिक्षकाला पत्रिकेत पहिल्या दोन प्रकारांचे एकही सत्र दिसत नसेल, तर त्याने नोंदणी शुल्क भरण्यापूर्वी थांबून विचार करावा.

वक्त्यांच्या यादीत प्राथमिक शाळेत रोज प्रत्यक्ष शिकवणारे किती जण आहेत, हेही मोजावे. शोधनिबंध सादर करण्याच्या आवाहनाने मात्र भुलून जाऊ नये. निबंध छापून येण्यासाठी अनेकदा वेगळे शुल्क असते आणि तो लिहिण्याच्या नादात परिषदेची खरी तयारी मागे पडते. महाविद्यालयीन प्राध्यापकांचा हिशेब वेगळा असतो. शाळेतील शिक्षकाने पहिल्या खेपेला श्रोता म्हणून जाणे अधिक लाभाचे.

आधी एवढे माहीत असावे

या विषयावरील व्याख्यानांत काही संदर्भ हमखास येतात. ते आधीच ठाऊक असतील तर वक्ता कोठे ताणून बोलतो आहे, हे बसल्या जागी कळते.

पहिला संदर्भ अमेरिकन शिक्षण-मानसशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा. त्यांनी १९८४ मध्ये मांडले की एका मुलाला एक शिकवणारा मिळाला आणि प्रत्येक टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढे न जाण्याची पद्धत पाळली, तर सरासरी मूल नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के मुलांच्या पुढे जाते. दोन प्रमाण विचलनांचा हा फरक म्हणजेच प्रसिद्ध ‘दोन सिग्मा’ (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरले आहेत, याचे माप म्हणजे प्रमाण विचलन). व्याख्यानात बहुधा एवढेच सांगितले जाते. हा आकडा थोड्या आठवड्यांच्या, ठरावीक घटकांवरच्या प्रयोगांतून आला होता, हे सांगितले जात नाही. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसाने दिलेल्या वैयक्तिक शिकवणीचा परिणाम सुमारे ०.७९ प्रमाण विचलन एवढा निघाला. तोही मोठाच आहे, पण दोन नव्हे. कोणी ‘आमचे ॲप दोन सिग्माचे स्वप्न पूर्ण करते’ असे म्हणाला, तर या दोन आकड्यांतील अंतर मनात धरून पुढचे ऐकावे.

दुसरा संदर्भ भारतातलाच आणि आपल्या दृष्टीने अधिक मोलाचा. दिल्लीत शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांमध्ये ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरची चाचणी झाली. केंद्रात प्रवेश कोणाला मिळणार हे सोडतीने ठरवले होते, त्यामुळे तुलना विश्वासार्ह होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन एवढी जास्तीची वाढ दिसली. त्यातील तपशील आकड्यांहून महत्त्वाचा आहे : केंद्रातील नव्वद मिनिटांपैकी निम्माच वेळ मुले संगणकावर असत आणि उरलेल्या वेळी बारा-पंधरा मुलांच्या गटाला एक माणूस मदत करी. ‘सॉफ्टवेअरने केले’ असे सांगणाऱ्याला या निम्म्या वेळेविषयी जरूर विचारावे. सहावीतील मुले गणितात सरासरीने सुमारे अडीच इयत्ता मागे असल्याचेही त्यात आढळले होते; एकच पाठ सगळ्यांना शिकवून उपयोग का होत नाही, याचे उत्तर तेथेच आहे.

तिसरा संदर्भ ‘प्रथम’ या संस्थेच्या पातळीनुसार शिकवण्याच्या पद्धतीचा. तिसरी ते पाचवीच्या मुलांना वाचनाच्या आणि गणिताच्या पातळीवरून गटांत बसवायचे आणि दिवसातील ठरावीक वेळ त्या पातळीचेच काम करायचे, एवढी ती साधी आहे. या पद्धतीच्या अनेक चाचण्यांतून निघालेली एक गोष्ट मला निर्णायक वाटते. शिक्षकांना नुसते प्रशिक्षण आणि साहित्य देऊन फारसे घडले नाही; हरियाणात शाळेच्या वेळापत्रकातच रोजचा एक तास या कामासाठी राखून ठेवला, तेव्हा फरक पडला. वेळापत्रकातील तास ही कोणत्याही परिषदेत सर्वांत कमी चर्चिली जाणारी वस्तू आहे.

आणि एक इशारा. ‘काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, काही हातांनी करून, म्हणून मुलाची शैली ओळखून तसे शिकवा’ हे विधान अशा परिषदेत कोणी ना कोणी करतोच. हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरील संशोधन तपासले आणि शैलीप्रमाणे शिकवल्याने मुले अधिक शिकतात हे सिद्ध करणारा पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. मुलाची आजची पातळी आणि मुलाची तथाकथित शैली या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. पहिली तपासून कळते आणि त्यावर काम करता येते.

बाहेरचे संदर्भ ऐकताना घरचेही विसरू नयेत. सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी याच संस्थानात घेतला. सगळी मुले एकदा शाळेत आली की ती सगळी एकाच तयारीची नसतात, हा पुढचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांचे काम उभे आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू करून मुलाच्या अनुभवातून शिक्षण फुलवण्याचा प्रयोग वर्षानुवर्षे चालवला. कोल्हापुरात बसून ‘ही संकल्पना आपल्याकडे नवीन आहे’ असे वाक्य ऐकावे लागले, तर मनातल्या मनात हसून पुढे जावे.

वर्गाचे पान

परिषदेच्या तयारीत हे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याला साधारण आठवडा द्यावा लागतो. एका कागदावर वर्गातील सर्व मुलांची आजची स्थिती लिहायची. वाचनासाठी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट एवढ्या पायऱ्या पुरतात; गणितासाठी अंकओळख, दोन अंकी संख्यांची ओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. ग्रामीण मुलांचे वाचन-गणित घरोघरी तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत २००५ पासून याच धर्तीची साधने वापरली जातात. अध्ययन स्तर निश्चितीच्या, म्हणजे कोणते मूल कोणत्या पातळीवर आहे याच्या, नोंदी शाळेत असतातच, पण त्या नुसत्या उतरवून घेऊ नयेत, कारण त्या जूनमधल्या असतील तर जानेवारीतले मूल त्यांत सापडत नाही. प्रत्येक मुलाला जवळ बसवून चार-पाच मिनिटे ऐकावे. मधल्या सुट्टीत किंवा बाकीची मुले लेखन करत असताना रोज चार-पाच मुले होतात.

कागदावर चार रकाने असावेत : मुलाचा क्रमांक, वाचनाची पायरी, गणिताची पायरी आणि चौथा रकाना ‘नेमके काय करते’ याचा. नाव लिहू नये, क्रमांकच लिहावा. हा कागद परक्या लोकांसमोर उघडला जाणार आहे. खरा जीव चौथ्या रकान्यात आहे. ‘वाचनात कच्चा’ असे लिहिल्याने काहीच कळत नाही. ‘साधे शब्द वाचतो, जोडाक्षर आले की पहिल्या अक्षरावरून अंदाजाने शब्द ठोकतो’ असे लिहिले की उपाय दिसू लागतो. ‘परिच्छेद घडाघडा वाचते, पण का असे विचारले की परिच्छेदातलेच वाक्य पुन्हा वाचते’ ही नोंद तर निराळ्याच मुलीची आहे, आणि पायरीच्या रकान्यात ती मुलगी वर्गात सर्वांत पुढे दिसेल.

आपल्या जिल्ह्यात या कागदाला आणखी दोन ओळी लागतात. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांच्या टोळ्यांबरोबर मराठवाड्यातून मुले येतात आणि हंगाम संपला की जातात. ती वर्गात केव्हा आली आणि केव्हा जाणार, याची नोंद हवी, कारण वर्षभराचा आराखडा त्यांना लागू होत नाही. गडहिंग्लज, चंदगड, शिरोळकडच्या काही शाळांत घरी कन्नड बोलणारी मुले असतात. त्यांच्या वाचनातील अडचण अक्षरांची आहे की शब्दाचा अर्थच ठाऊक नसल्याची, हे वेगळे लिहावे. परिषदेतील कोणतेही साधन या दोन गटांना कसे सामावून घेते, हे विचारण्यासारखे आहे.

कागद तयार झाला की त्यावरून एक प्रश्न लिहावा. ‘मागे पडलेल्या मुलांसाठी काय करावे?’ या प्रश्नाला व्यासपीठावरून प्रेमाने वागा, संयम ठेवा एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी असा प्रश्न करावा : ‘तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात बावीस मुले आहेत. त्यांपैकी सहा शब्दाच्या पायरीवर आहेत. त्यांच्याजवळ मी रोज वीस मिनिटे बसलो, तर उरलेल्या सोळा मुलांनी त्या वेळात माझ्याविना कोणते काम करायचे, आणि ते तपासायचे कोणी?’ या प्रश्नाला भाषण देऊन सुटता येत नाही.

रजा, पत्र, प्रवास

आयोजकांचे निमंत्रण आणि पत्रिका जोडून मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करावा आणि हजेरी ऑन ड्युटी धरली जाणार की किरकोळ रजा टाकावी लागणार, हे तोंडी न ठेवता लेखी घ्यावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. अर्जात तिचा उल्लेख करण्यास हरकत नाही, मात्र ही परिषद त्या तासांत मोजली जाईल असे स्वतःच गृहीत धरू नये. द्विशिक्षकी शाळेत एक जण गेला की दुसऱ्यावर सगळे वर्ग येतात. त्या दिवसाचे काम मुलांच्या गटांना आधीच नेमून द्यावे. ते कितपत पार पडले, हीही आपल्या प्रश्नाच्या उत्तराची एक चाचणीच ठरते.

कार्यक्रम शहरातच, म्हणजे दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात किंवा शिवाजी विद्यापीठात असेल, तर करवीर, कागल, हातकणंगलेकरांना अडचण नाही. चंदगडहून येणाऱ्याला मात्र शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास आहे. त्याने आदल्या दिवशीच पाहुण्यांकडे मुक्काम ठेवावा. पुण्यातील परिषदेसाठी सुमारे २३० किलोमीटरचा रस्ता आहे आणि पहाटेच्या एसटीने निघून दहाचे सत्र गाठण्याचा हिशेब महामार्गावर फारसा जमत नाही.

परिषदेच्या दिवशी

दीपप्रज्वलन, सत्कार, मनोगते आणि आभार यांत पहिला तास जातो, कधी दोन. तो वाया गेला म्हणून चडफडण्यापेक्षा त्या वेळात समांतर सत्रांची निवड पक्की करावी. एकाच वेळी तीन दालनांत तीन सत्रे असतील, तर मोठ्या नावापेक्षा लहान विषयाकडे जावे. ‘एकविसाव्या शतकातील अध्ययनाची दिशा’ या विषयावर कोणीही चाळीस मिनिटे बोलू शकतो. ‘दुसरीच्या वर्गात वाचनाचे तीन गट : सहा महिन्यांचा अनुभव’ असे शीर्षक देणाऱ्याने निदान सहा महिने काही केलेले असते. एकाच शाळेतून दोघे गेले असतील तर एकत्र बसू नये, वेगवेगळी सत्रे वाटून घ्यावीत.

टिपणे घेताना वहीच्या पानाचे उभे दोन भाग करावेत. डावीकडे वक्ता काय म्हणाला ते, उजवीकडे ते आपल्या कागदावरच्या कोणत्या क्रमांकाच्या मुलाला लागू पडते ते. उजवी बाजू एखाद्या सत्रभर कोरी राहिली तर ते सत्र आपल्यासाठी नव्हते; चहाच्या सुट्टीत निघून दुसऱ्या दालनात बसण्यात कोणताही अवमान नाही. पडद्यावरच्या प्रत्येक चित्राचा मोबाइलवर फोटो काढण्याची सवय सोडावी, ते फोटो पुन्हा कोणी उघडत नाही. मुलांची संख्या, कालावधी, आठवड्यातील तास आणि सुरुवातीची व शेवटची पातळी असलेला तक्ता दिसला, तर मात्र त्याचा फोटो जरूर काढावा.

आलेख दाखवला गेला की तीन गोष्टी पाहाव्यात. उभी रेषा शून्यापासून सुरू होते की साठपासून, कारण साठपासून सुरू केली की चार गुणांची वाढ डोंगराएवढी दिसते. तुलनेला दुसरा वर्ग होता का. वर्षभरात मुले काही ना काही शिकतातच, त्यामुळे ‘आधी आणि नंतर’ एवढ्यावरून साधनाला श्रेय देता येत नाही. आणि शेवटपर्यंत किती मुले टिकली. मधेच गळालेली मुले हिशेबातून वगळली की सरासरी आपोआप चढते.

विक्रेत्यांच्या दालनात

जेवणाच्या सुट्टीत सर्वाधिक गर्दी येथे असते. टॅबलेट हातात देणारा तरुण नम्र असतो, पाठ केलेले बोलतो आणि बरोबर उत्तरे देऊन दाखवतो. आपण चुकीची उत्तरे द्यावीत. मात्र ती अंदाजाने देऊ नयेत, मुले देतात तशी द्यावीत. ५२ वजा ३८ हे उदाहरण घ्या. हातचा न समजलेले मूल एककाच्या घरात दोनातून आठ जात नाहीत असे पाहून आठातून दोन वजा करते, सहा लिहिते, दशकात पाचातून तीन गेले की दोन उरतात, उत्तर २६. पुढे ६३ वजा २७ आले तर ते ४४ लिहील आणि ८१ वजा ४६ आले तर ४५. ही तीन उत्तरे ओळीने द्यावीत आणि पडद्याकडे पाहावे. सॉफ्टवेअर नुसते ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणून चौथे तसलेच उदाहरण देत असेल, किंवा तीन चुका झाल्या म्हणून सरळ एक अंकी वजाबाकीवर नेऊन ठेवत असेल, तर ते मुलाला ओळखत नाही, फक्त गुण मोजते. दशक मोडून दहा एकक कसे करायचे हे दाखवणाऱ्या पायरीवर ते गेले, तर ते बनवणाऱ्याने मुलांच्या वह्या पाहिल्या आहेत असे समजावे. त्यानंतर प्रश्न न वाचता पटापट कोणताही पर्याय दाबत जावे. साधनाला हा खेळ कळतो का, तेही लक्षात येते.

वाचन ऐकून चुका सांगणारे साधन असेल, तर घरच्या बोलीत वाचून पाहावे. ‘नाही’चे ‘न्हाई’ आणि ‘आहे’चे ‘हाय’ करणारे मूल वाचता न येणारे नसते. यंत्र त्याला लाल खूण देत असेल तर ते आपल्या वर्गात नुकसान करील. मग मोबाइल किंवा टॅबलेट फ्लाइट मोडवर टाकायला सांगावे. गगनबावडा आणि शाहूवाडीच्या डोंगरवाड्यांवर रेंज कशी असते हे येथे सांगायला नको. ‘ऑफलाइनही चालते’ या दाव्याची परीक्षा अर्ध्या मिनिटात होते.

शेवटचा प्रश्न माहितीचा. मुलांची उत्तरे, आवाज आणि छायाचित्रे कोठे साठवली जातात, करार संपल्यावर पुसली जातात का, आणि पालकांची संमती कोण घेणार? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. हा प्रश्न भित्रेपणाचा नव्हे. अमेरिकेत ‘इनब्लूम’ नावाची विद्यार्थ्यांच्या माहितीची मोठी योजना भक्कम आर्थिक पाठबळ असूनही पालकांच्या विरोधामुळे २०१४ मध्ये बंद पडली. विक्रेता उत्तर देऊ शकला नाही तर त्याचे पत्रक घेऊन पुढे जावे. शाळेच्या वतीने तेथेच कशावरही सही करू नये, ‘फक्त मोफत डेमोसाठी आहे’ असे सांगितले तरीही नाही, आणि मुलांच्या नावांची यादी तर मुळीच देऊ नये.

प्रश्नोत्तरे आणि माणसे

प्रश्न विचारताना प्रस्तावना नको. आपले नाव, शाळा आणि वर्गाची रचना एका वाक्यात सांगावी व सरळ प्रश्न करावा. वेळ, माणूस आणि तपासणी या तिघांपैकी एकावर तो असावा : रोज किती मिनिटे लागतात, शिक्षकाखेरीज आणखी कोण लागते, मूल पुढच्या गटात गेले हे कसे ठरवता. गट बदलण्याचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जूनमध्ये पाडलेले गट मार्चपर्यंत तसेच राहत असतील, तर ते पातळीनुसार शिकवणे राहत नाही, मुलांवर मारलेला शिक्का होतो, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे मुलांना पहिल्याच आठवड्यात कळलेले असते. जो वक्ता ‘आम्ही दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासतो आणि इतकी मुले हलली’ असे सांगू शकतो, त्याचे म्हणणे गांभीर्याने घ्यावे.

व्यासपीठावर वेळ मिळाला नाही तर जेवणाच्या रांगेत विचारावे. माझ्या मते दिवसभरातील सर्वांत उपयोगी संवाद तेथेच होतो, मात्र मोठ्या वक्त्याशी नव्हे. आपल्यासारखीच शाळा असणारा, शेजारच्या तालुक्यातील किंवा सांगली-साताऱ्याचा एखादा शिक्षक शोधावा आणि त्याच्यासमोर आपला कागद उघडावा. ‘तुमच्याकडे अशी मुले किती?’ एवढ्या प्रश्नावर तासभर बोलणे होते. फोन नंबर घ्यावा आणि त्याचा वर्ग पाहायला येऊ का, असे तेव्हाच विचारावे. काही वर्षांपूर्वी साताऱ्याच्या कुमठे बीटातील (बीट म्हणजे काही केंद्रांचा मिळून विभाग) ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकावे असे मानणारे, वर्ग पाहायला राज्यभरातून शिक्षक जात असत. ज्यांनी तेथे बसून मुले काय करतात ते पाहिले, त्यांच्या शाळांत काही बदलले; ज्यांनी केवळ फोटो काढले, त्यांच्या शाळांच्या फरश्या रंगल्या.

परतल्यावर

परतीच्या प्रवासातच, झोप येण्यापूर्वी, उजव्या बाजूच्या टिपणांतून एकच गोष्ट निवडावी. ती अशी असावी की सोमवारी नव्या खर्चाविना सुरू करता येईल आणि आपल्या वेळापत्रकात तिच्यासाठी जागा दाखवता येईल. उदाहरणार्थ, परिपाठानंतरची तीस मिनिटे दोन्ही इयत्तांसाठी वाचनाच्या गटांना द्यायची. शब्दाच्या पायरीवरची मुले शिक्षकाजवळ, परिच्छेदाच्या पायरीवरची जोडीने एकमेकांना वाचून दाखवणारी, आणि गोष्ट वाचू शकणारी मुले वाचलेल्यावर तीन प्रश्न तयार करणारी. हे तीन प्रश्न दुसऱ्या दिवशी मधल्या गटाला सोडवायला द्यावेत, म्हणजे ते तपासण्याचे काम प्रश्न काढणाऱ्यांकडेच राहते. पहिला आठवडा गोंधळात जातो, कारण शिक्षकाविना काम करण्याची मुलांना सवय नसते. सूचना फळ्यावर एका ओळीत लिहिणे आणि शंका आली तर आधी जोडीदाराला विचारणे, हे दोन नियम त्या आठवड्यात रुजवावेत. वाचनाच्या प्रगतीची अपेक्षा तेव्हा करू नये.

मुख्याध्यापकांना पहिल्याच दिवशी सांगावे की हे सहा आठवडे चालेल आणि मग वर्गाचे पान पुन्हा भरले जाईल. मधे उपक्रम, स्पर्धा आणि अहवाल येणारच. तास बुडाला तर तसे वहीत नोंदवावे, म्हणजे शेवटी फरक पडला नाही तर पद्धत फसली की ती नीट चाललीच नाही, हे कळते. पालकसभेत ‘हुशार’ आणि ‘कच्चा’ गट अशी भाषा टाळावी. आपले मूल आज काय वाचू शकते आणि पुढची पायरी कोणती, हे प्रत्येक पालकाला वेगळे सांगावे. आईबापांना इयत्तेपेक्षा हे लवकर समजते.

केंद्रातील पुढच्या शिक्षण परिषदेत वृत्तांत सांगायला लावतील, तेव्हा कोण कोण आले होते आणि व्यवस्था कशी होती हे दोन वाक्यांत संपवावे. उरलेल्या दहा मिनिटांत सहकाऱ्यांकडून वजाबाकीची ती तीन उदाहरणे मुलाच्या पद्धतीने सोडवून घ्यावीत आणि त्यांच्या वर्गांत अशी किती मुले आहेत ते विचारावे. सहा आठवड्यांनंतर दुसऱ्यांदा भरलेले पान हाती आले की ज्या वक्त्याची युक्ती वापरली त्याला पत्र किंवा संदेश पाठवावा : किती मुले होती, किती तास प्रत्यक्ष झाले, किती मुले पुढच्या पायरीवर गेली आणि कोणती जागची हलली नाहीत. न हललेल्या मुलांच्या चौथ्या रकान्यातील नोंदीही त्यात लिहाव्यात, कारण उत्तर आले तर ते बहुधा त्यांच्यावरच येते.